सिंकखालचं पातेलं

दीड इंची पाइप दीड इंचाचा नसतो, हे कॉलेजात मला कुणी सांगितलं नव्हतं. जुना पितळी पाइप बाहेरून एका मापाचा, प्लास्टिकचा दुसऱ्या, लोखंडी आणखी तिसऱ्या. नाव मात्र सगळ्यांचं एकच. अमेरिकेत शुगर लँडजवळच्या एका कंपनीत मी दोन वर्षं एकच वस्तू बनवत होते: या सगळ्यांना एकमेकांशी जोडेल आणि गळणार नाही असा जोड. बाहेर स्टीलचा पट्टा, आत रबर. दोन्ही टोकांचे बोल्ट आवळले की रबर पाइपला धरतं.

मोठ्या पाइपला ते छान धरायचं. सगळ्यात बारीक पाइपवर मात्र, नाडी ओढल्यावर परकराला पडतात तशा रबराला चुण्या पडायच्या. थंड पाण्यात काही कळायचं नाही. गरम, थंड, पुन्हा गरम असं पाणी सोडत राहिलं की नवव्या फेरीला हमखास थेंब दिसायचा. उपाय मी शोधला होता. आत रबराची एक सुटी कडी. बारीक पाइपला ती ठेवायची, मोठ्याला काढून टाकायची. नमुन्याची कडी मी पर्समध्येच घेऊन फिरायचे.

डिझाइनचे प्रमुख असलेल्या काकांना कुठलाच सुटा भाग नको होता. काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. ते चाळीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले, मला नोकरीवर त्यांनीच घेतलं, आणि इथली माझी पहिली दिवाळी त्यांच्याच घरी झाली. ऑफिसात काल लागलेली पोरंसुद्धा त्यांना नावानं हाक मारायची. मलाही त्यांनी तसंच सांगितलं होतं, पण माझी जीभ काही रेटली नाही.

शेवटच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "प्लंबर कडी हरवणार. वन पीसच हवा." मग सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "काय गं, सगळ्या साइझेसना होल्ड करतंय ना?"

नवव्या फेरीचा रिपोर्ट माझ्या लॅपटॉपवर उघडा होता. मी म्हणाले, "हो काका."

नंतर त्यांना एकटं गाठून सांगू, असं ठरवलं होतं. चारचौघांत मोठ्यांना खोडून काढायचं नाही, हे माझ्यात इतकं मुरलं होतं की तो मला भित्रेपणा वाटलाच नाही, संस्कार वाटले. ते 'नंतर' काही आलं नाही. खोक्यांवर 'सर्व मापांसाठी' असं छापून झालं आणि सोमवारी सकाळी पहिला ट्रक निघायचा ठरला. कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात माझा 'हो' गळणार होता, आणि मी रोज वेळेवर ऑफिसला जाऊन वेळेवर घरी येत होते.

त्याआधीच्या शनिवारी काकांनी मला आणि आणखी चारपाच पाहुण्यांना जेवायला बोलावलं. पहिला तयार जोड त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हातानं घरच्या सिंकखालच्या बारीक पाइपला बसवला होता, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते वाकायला लावून तो दाखवत. मी कचऱ्याची पिशवी घ्यायला सिंकखालचं कपाट उघडलं. जोडाखाली पातेलं होतं. अर्धं भरलेलं.

"काकू, हे काय?"

"हळू बोल," काकू म्हणाल्या. "कॅबिनेट खराब होईल म्हणून ठेवलंय. ते फिरायला गेले की मी रिकामं करते, कुणाला दाखवायला निघाले की आधीच उचलून ठेवते."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"किती खूश आहेत बघतेस ना? कशाला उगाच."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. या बाईंनी तीन आठवडे रोज वाकून पाणी उपसलं, कशासाठी, तर नवऱ्याचं मन मोडू नये म्हणून! आणि मी? मी तरी दुसरं काय केलं होतं? फक्त माझ्याकडे पातेल्याऐवजी लॅपटॉप होता. काकूंचा राग आला, काकांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. मी ते पातेलं उचललं, बाहेर नेलं आणि पाहुण्यांसमोर काकांच्या ताटाशेजारी आदळलं. पाणी हिंदकळून कोशिंबिरीत पडलं.

"हे तुमच्या वन पीसचं पाणी!"

काकांनी आधी काकूंकडे पाहिलं. "केव्हापासून?"

"बसवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

मग माझ्याकडे. "आणि तुला कधीपासून माहीत होतं?"

"मीटिंगच्या आधीपासून. रिपोर्ट आहे माझ्याकडे."

मला वाटलं, आता ओरडतील. मला ते हवंच होतं, मीही ओरडले असते. पण ते म्हणाले, "मग दाखवला का नाहीस? मी ऐकलं नसतं तुझं?"

त्यांनी ऐकलं असतं. तेच सगळ्यात संतापजनक होतं. ज्या माणसाला मी एवढे दिवस मनातल्या मनात हेकट ठरवत होते, त्याला मी ऐकून घ्यायची संधीच दिली नव्हती.

काका पानावरून उठले. त्यांनी फोन लावला आणि सोमवारचा ट्रक कॅन्सल केला. कारण विचारल्यावर "डिझाइन चुकलंय, माझा डिसिजन होता," एवढंच म्हणाले. पाहुणे खाली मान घालून भात कालवत होते. काकूंनी पातेलं बाथरूममध्ये रिकामं केलं आणि पुन्हा सिंकखाली नेऊन ठेवलं. गळत तर होतंच.

मी पाना मागितला. पर्समधली कडी काढली, ओढणी कमरेला खोचली आणि कपाटात डोकं घालून आडवी झाले. काकांनी गुडघे मोडून खाली बसून टॉर्च धरला. मी जोड सोडवला, कडी सरकवली, बोल्ट परत आवळले.

"झालं? होल्ड करतंय ना?" काकांनी विचारलं.

सवयीनं 'हो काका' ओठांपर्यंत आलं. मी ते गिळलं.

"गरम पाणी सोडा," मी म्हटलं. "मग थंड, मग परत गरम. नऊ वेळा झालं की सांगते."