डॉक्टरच्या ओट्यावरचा भिकाअण्णा

कोसाडला आमच्या नाक्यावर कानाच्या डॉक्टरचा दवाखाना आहे. त्याच्या ओट्यावर भिकाअण्णा रोज सकाळी येऊन बसायचा. औषधासाठी नव्हे, सूड म्हणून. कोणी कान धरून आत जाताना दिसला की हा ओरडायचा, "गोचीड चावनी का तुले? डाक्टरले सांग, रगत तपास म्हना!" बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही, त्यात जन्म गेला कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात. आत डॉक्टरला सगळं ऐकू जायचं. तेच तर पाहिजे होतं.

अण्णा माझा धुळ्याकडचा गाववाला. अंगाने काटकी, जिभेने कोयता. आमचे लूम शेजारी शेजारी. लूमवाल्याचे कान जातातच, पण सावकाश जातात. याचे गेले एकाएकी. गावी बहिणीच्या गुरांच्या गोचिड्या काढून आला, ताप भरला, तळहातावर लाल पुरळ उठली, आणि ताप उतरता उतरता कान बंद. मी त्याला याच डॉक्टरकडे नेला. अण्णा गुरांचं सांगायला लागला, तर डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "लूमवाला है ना, काका? लूमवाले के कान तो जाते ही हैं. मशीन लगा लो." आमची माणसंही तेच म्हणाली. कान गेला की लूमवर ढकलायचं, ही आमच्यात रीतच.

पुढे मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरीणबाईने पहिलाच प्रश्न गुरांचा विचारला. रक्त तपासलं. गोचिडीपासून आलेला आजार निघाला. गोळ्यांनी डावा कान थोडा उघडला, उजवा गेला तो गेलाच. "लवकर यायला हवं होतं," बाई म्हणाली. लूमच्या खात्यात, त्या गोंगाटात, आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो, तसं मी ते अण्णाला सांगितलं. माझं डोकं फिरलं होतं, मी त्या डॉक्टरला फोडायला निघालो होतो. अण्णाने हात धरला. "त्याले मारानं नही. त्याना दारमा बसानं."

आणि बसला. एकदा डॉक्टर बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "काका, मेरी इज्जत का सवाल है." अण्णाने कानामागे हात धरला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "काय म्हनी ऱ्हायना? माले ऐकाले येस नही!" चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हसले. डॉक्टर आत पळाला.

मग भेस्तानची एक शेळ्या पाळणारी बाई आली. तिचेही कान तापानंतर गेलेले. अण्णाची बोंब तिला कुठली ऐकू येणार? पण नवऱ्याने ऐकली आणि आत अडून बसला, "पहले खून जाँचो." आजार तोच निघाला, पण वेळेत. बाईचे कान परत आले. ती अण्णाच्या पाया पडायला आली, तर हा मागे सरला. "मन्हा पाय पडू नको. आत जा, त्याले सांग, तुले ऐकाले येस!"

मागल्या साली अण्णा गेला. डॉक्टर तिरडीला खांदा द्यायला आला. मी आडवा झालो. तो म्हणाला, "काका, अब हर मरीज से पूछता हूँ, जानवर का, गोचीड का." मी म्हटलं, "तब पूछना था." हात लावू दिला नाही.

लोक म्हणतात, सोडून दे आता. माफी द्यायची ती अण्णाने, त्याने दिली नाही, मी कोण देणारा? आता सकाळी मी बसतो. माझेही कान लूमने खाल्लेत, म्हणून अगदी दाराला टेकून बसतो. पेशंट आत गेला की डॉक्टरचा प्रश्न ऐकतो. ज्या दिवशी तो विचारणार नाही, त्या दिवशी मी ओरडीन.