ऐकण्याचं काम

मालिनीताई बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघायच्या नाहीत, तोंडाकडे बघायच्या. स्वयंपाकाचं काम मागायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा बोलता बोलता तीनदा पदरानं ओठ पुसले. वाटलं, शीत चिकटलंय की काय. शेवटी त्याच म्हणाल्या, "काही लागलेलं नाही गं. बोल तू. जरा सावकाश बोल."

२०१४ साल होतं ते. मी उदगीरकडची. नवरा डहाणूत फुग्यांच्या कारखान्यात लागला, म्हणून आशागडला खोली घेतलेली. शाळा सातवीतच सुटली होती. ओळखीचं कुणी नाही, बाजारात अर्धी माणसं गुजरातीत बोलणार, त्यामुळे तोंड उघडायचीच मला धास्ती. ताई आमच्याच गल्लीत भाड्यानं राहत. तलासरीजवळ एका मालिकेचा सेट होता, तिथं त्या मच्छीमाराच्या घरातली आजी करायच्या. रोज मुंबईहून येणं त्यांना झेपत नव्हतं.

चाळीस वर्षं त्यांनी नाटकात आणि पडद्यावर काम केलं, पण नायिका एकदाही नाही. सव्विसाव्या वर्षी पहिली सासू केली, तीही स्वतःपेक्षा मोठ्या जावयाची. मग आत्या, नर्स, भांडखोर शेजारीण. "कित्येकींना तर नावच नसायचं," त्या सांगायच्या. "कागदावर नुसतं 'एक बाई'. मग मीच घरी बसून तिला नाव द्यायचे. नाव नसलं की बाई चालते कशी, तेच कळत नाही."

आजीसाठी ड्रेसवाल्यानं कोरी साडी दिली, तेव्हा ताई मला घेऊन वरोरच्या किनाऱ्यावर गेल्या. मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईपुढे स्वतःची नवी साडी धरली आणि तिची जुनी मागितली. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय, उन्हानं डोकं फिरलं का तुझं? माझ्या साडीला मासळीचा वास मारतो."

"त्या वासासाठीच तर आलेय," ताई म्हणाल्या. तीच साडी त्यांनी पुढे वर्षानुवर्षं नेसली.

दोन महिन्यांनी एकदा कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि शेजारीच बसलेल्या ताईंनी विचारलं, "कुकर लावलास का गं?"

मी बघतच राहिले. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "कळलं ना? बरं झालं. कान जाऊन दीड वर्ष झालं, यंत्राचाही उपयोग नाही. युनिटला कळलं तर उद्या दुसरी आजी आणतील." थोडं थांबून म्हणाल्या, "वाक्यं काय, कुणीही बोलतं अनुसये. समोरचा बोलत असताना ऐकायचं, त्याला नट लागतो. जन्मभर मी तेच काम केलं, आणि नेमकं तेच गेलं. पण मी नाही सोडणार. बघू काय होतं ते."

तेव्हापासून माझं वाचन सुरू झालं. प्रवेशातली बाकी सगळ्यांची वाक्यं मी वाचायची, ताई माझ्या तोंडाकडे बघत ती पाठ करायच्या. जोडाक्षर आलं की मी त्यावर बोट ठेवून थांबायचे. "मला नाही जमत की ताई, मी अडखळते."

"अडखळ की मग. मला कुठं ऐकू येतंय?"

सेटवर मी 'ताईंची डबेवाली' म्हणून जायचे. समोरचा दिसत असला तर त्या ओठांवरून भागवायच्या. तो पाठीमागे असला तर मी कॅमेऱ्याशेजारी उभी राहायचे आणि त्याचं बोलणं संपलं की डबा या हातातून त्या हातात घ्यायचे. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग तो प्रवेश आला. आजी बाजेवर बसून सुपात सुकट निवडतेय. मागे उभी राहून नात सांगते, मी घर सोडून चालले. ते ऐकून आजीचे हात थांबायला हवेत. नातीचं काम करणारी मुलगी भरात आली आणि मधेच रडून थांबली. मला वाटलं, संपलं. मी डबा बदलला. ताईंचे हात थांबले.

"कट! ताई, तिचं अजून बोलून झालं नाहीये," दिग्दर्शक ओरडला. ताई माझ्याकडे बघत होत्या. मग सगळेच माझ्याकडे आणि डब्याकडे बघायला लागले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

ताईंनी सूप बाजूला ठेवलं. "तिच्याकडे बघू नका. मला ऐकू येत नाही. अजिबात नाही."

दिग्दर्शक जवळ आला, समोर उभा राहिला. "आधी का नाही सांगितलंत, ताई?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

त्यानं घड्याळ बघितलं.

"एक टेक दे. नाही जमला तर घरी पाठव, मी चकार शब्द काढणार नाही. फक्त या नातीला मागे उभी करू नको. माझ्याच बाजेवर बसव, पाठीला पाठ लावून. बोलून झालं की हिनं उठायचं. आणि अनुसये, तू बाहेर जा."

मी दारापर्यंतच गेले. मुलगी बाजेवर बसली, बोलली, मधे रडली, पुन्हा बोलली. ताईंची बोटं सुपात चालूच. मग ती उठली. बाजेची सुंभं सैल झाली, ताई किंचित वर आल्या आणि त्यांचे हात जागीच थांबले. मग त्यांनी दोन बोटांत एक सुकट उचलली, बराच वेळ बघितली आणि परत सुपात ठेवली. हे कागदावर नव्हतं. दिग्दर्शक कट म्हणायचं विसरला.

मालिका आणखी तीन वर्षं चालली आणि शेवटपर्यंत आजी ताईच होत्या. त्या दिवशी परत येताना गाडीत मी रडत होते. ताई म्हणाल्या, "घाबरलीस म्हणून घाई झाली. घाबर खुशाल, मी अजून घाबरते. घाई करू नकोस."

२०१९ मध्ये त्या अंथरुणाला खिळल्या. भाचा पुण्याला न्यायला आला, त्याला त्यांनी परत पाठवलं. आजारपणाआधी एका नाटकातलं छोटं काम आलं होतं, कागदावर 'एक बाई'. "हिचं नाव मी अनुसया ठेवलंय," त्या म्हणाल्या. "रागावू नकोस. जरा घाबरट आहे, पण जागची हलत नाही."

ताई गेल्या त्याच्या आदल्या दुपारी मी पलंगाच्या कडेला बसून त्या नाटकातलाच प्रवेश वाचत होते. ताईंचे डोळे मिटलेले. म्हणजे त्यांना ऐकूही येत नव्हतं आणि माझं तोंडही दिसत नव्हतं. त्यांची बोटं तेवढी चादरीवर हळूहळू फिरत होती. झोप लागली असेल, तोवर चहा टाकू, म्हणून मी उठले.

त्यांची बोटं थांबली.

मी परत बसले. उरलेलं पान मोठ्यानं, सगळ्यांची वाक्यं, शेवटपर्यंत वाचलं. अजिबात घाई केली नाही.