टाका आणि नाईन

मला इंग्रजी बोलता येत नाही, पण इंग्रजी म्हणी विचारा! शाळेत बाईंनी घोकून घेतल्या, त्या अजून जिभेवर आहेत. अर्थ थोडेफार, पाठांतर पक्कं. इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला लेकाकडे आले तरी हात कामाला लागले की तोंडातून एखादी बाहेर पडतेच.

परवाचीच गंमत. नात पाच वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. दुपारी ती कापडी ससा घेऊन माझ्यापुढे उभी. तोंड एवढंसं झालेलं. सशाचा कान उसवून लोंबत होता. दुसऱ्या दिवशी किंडरगार्टनमध्ये आपलं खेळणं न्यायचं होतं, आणि सूनबाईंचा नियम म्हणजे नियम: फाटकं काही घराबाहेर जायचं नाही.

"मामा झाग्ट नाईन," ती रडवेली झाली. नाईन म्हणजे नाही; आई नाही म्हणणार. (इथे आईलाच मामा म्हणतात, काय करणार!)

"अगं, कानच आहे, डोकं तर नाही ना गेलं? आण माझा सुईदोरा."

दोरा ओवला आणि सवयीनं टाक्याची ती म्हण पुटपुटले, 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाईन'. उसवलं की लगेच शिवा, असं सांगणारी. तिचा शेवटचा शब्द 'नाईन', म्हणजे पुढचे वाचणारे नऊ टाके.

नातीनं कान टवकारले. "नाईन?"

"हो, नाईन."

मग ती सशाला जर्मनमध्ये काहीतरी समजावू लागली. मला कळलं ते एवढंच, की आजी मंत्र म्हणतेय आणि त्यानं आईचं 'नाईन' पळून जाणार! मग काय, प्रत्येक टाक्याला "नॉख माल!", पुन्हा म्हण. मी म्हणत गेले.

संध्याकाळी सूनबाईंनी ससा हातात घेतला, कान ओढून पाहिला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत.

"अहो आई, पांढऱ्या सशाला लाल दोरा?"

"पांढरा संपला गं. कानात डूल घातलाय असं समज."

ती हसली आणि लेकीला म्हणाली, "बरं, ने उद्या."

नात माझ्या गळ्यातच पडली. म्हणीतल्या 'नाईन'चा खरा अर्थ सांगणार होते, पण म्हटलं, राहू दे, शाळेत कळेलच.

दुसऱ्या दिवशी ससा परत आला तो मैत्रिणीचं अस्वल सोबत घेऊन. त्याचा हात उसवला होता. त्या मुलीची आईसुद्धा फार नाईन म्हणते म्हणे.