तळं लाल झालं ती तारीख

गास्पर न्दोपो केलीमुतूच्या डोंगरावर रक्षक म्हणून लागला तेव्हा राष्ट्रीय उद्यानाच्या पाट्यांचा रंगही वाळला नव्हता. कामं दोनच. वाट मोकळी ठेवायची, आणि दर सोमवारी पहाटे माथ्यावर जाऊन तिन्ही तळ्यांचा एकेक फोटो काढायचा. ज्वालामुखीच्या तोंडात साठलेली ही तळी रंग बदलतात. आज हिरवं असलेलं पाणी वर्षभरात निळं होईल, काळं होईल, नाहीतर सुकल्या रक्तासारखं होईल. एंदे शहरातल्या साहेबांना त्याची नोंद हवी असे.

डोंगराखालच्या लिओ लोकांच्या गावाला नोंदीची गरज नव्हती. मेलेलं माणूस इथंच येतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हातारी माणसं एका तळ्यात, तरणीताठी दुसऱ्यात, आणि करणी करून दुसऱ्याचं वाटोळं करणारे, ज्यांना इथं पोलो म्हणत, ते तिसऱ्यात, पोलोच्या तळ्यात. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकणारेही हेच मानत. गास्परही मानत असे.

त्याची आई लुसिया गावाच्या वरच्या अंगाला राहायची. विधवा बाई, तोंडाची जरा फटकळ, पण झाडपाल्याची जाणकार. बाळंतिणीला, पोटदुखीला लोक तिच्याकडेच येत. शेजारच्या ब्लासियुसची चार वर्षांची लेक तापानं फणफणली, तेव्हा तिची आई योसेफा स्वतः लुसियाला हाताला धरून घेऊन गेली. लुसियानं कडू सालीचा काढा पाजला. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त लुसियानं पुढं केलेला विडा लोक घ्यायचे आणि न चघळता कमरेला खोचायचे. गास्परची मुलगी ब्रिगिता तेव्हा आठ महिन्यांची होती. एके दिवशी तो आईला म्हणाला, "इने, थोडे दिवस पोरीला मांडीवर घेऊ नकोस. लोक बोलतात."

लुसिया मक्याचे दाणे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "लोक बोलतात, का तू बोलतोस?"

त्यानंतर तिनं नातीला हात लावला नाही.

तीन महिन्यांनी लुसियानं अंथरूण धरलं. गास्परनं रजा टाकली, आणि सोमवारचा कॅमेरा आपल्या जोडीच्या रक्षकाकडे, आलोकडे दिला. आलो म्हणजे ब्लासियुसचा धाकटा भाऊ. पाऊस लागला होता, माथा ढगात बुडाला होता, तीन आठवडे गावातलं कोणी वर फिरकत नव्हतं. नोव्हेंबरच्या सतरा तारखेला लुसिया गेली. दुसऱ्या दिवशी तिला पुरलं, आणि त्याच दुपारी ढग उठले. वर जाऊन आलेल्या दोघांनी अंगणात येऊन सांगितलं, पोलोचं तळं लाल झालंय.

माणसं अजून जेवत होती. योसेफानं ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "पोहोचली."

एवढंच. पण या एका शब्दानं न्दोपोंच्या घराची रया गेली. त्यांच्या घरचं अन्न कोणी खाईना. पुढं ब्रिगिताला आलेलं चांगलं स्थळ बोलणी पक्की झाल्यावर फिरलं. तिनं क्लिनिकमधल्या एका परक्या बेटावरच्या मुलाशी लग्न केलं आणि समुद्रापलीकडं कुपांग शहरात निघून गेली. दर ऑगस्टमध्ये गाव पूर्वजांना जेवू घालायला डोंगरावर जाई. तिथं प्रत्येकजण आपापल्या माणसांची नावं घेई. गास्पर वडिलांचं घ्यायचा, आजोबांचं घ्यायचा. आईचं नाव ओठांवर आलं की गिळायचा.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना एंदेहून नवीन साहेबीण आली. जुने सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये घालायचे ठरले होते. कपाटातली पाकिटं ओलीनं फुगली होती, फोटोंवर बुरशीची चांदणी उमटली होती. "तुम्हीच काढलेत ना हे? मग तुम्हीच लावा," म्हणत तिनं गास्परच्या हाती मऊ फडकं दिलं. फोटो पुसायचा, मागची तारीख वाचायची, ओळीनं लावायचा.

चौथ्या दिवशी त्या नोव्हेंबरचं पाकीट निघालं. वरच्या फोटोत कोपऱ्यांत ढग होता, मध्ये फट पडली होती, आणि फटीतून पोलोचं तळं दिसत होतं. लालभडक. गास्परनं फोटो उलटला. मागं आलोच्या वाकड्या अक्षरात सहा नोव्हेंबर.

त्यानं बोटांवर दिवस मोजले. अकरा. त्याची आई तेव्हा खोलीत पडून पाणी मागत होती.

आलो आता पायानं अधू झाला होता. घरासमोर बाकावर बसून लवंगा वाळत घालत होता. गास्परनं काही न बोलता फोटो त्याच्या गुडघ्यावर ठेवला. आलोनं तो उलटून मागची तारीख वाचली.

"तुला ठाऊक होतं," गास्पर म्हणाला.

"ढग पाच मिनिटं फाटला होता. मी एकटाच होतो वर."

"आणि अंगणात ती तसं बोलली, तेव्हा?"

"तिथंच उभा होतो. हातात ताटली होती." आलोनं लवंगा चाळवल्या. "गास्पर, चार महिन्यांपूर्वी पोर पुरली होती त्यांनी. माझी वहिनी नुसती भिंतीकडे बघत बसायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. मी काय सांगणार होतो तिला? की पोर उगाचच मेली?"

"आणि माझी इने?"

"ती तर मेली होती रे." मग तो म्हणाला, "तूही काही बोलला नाहीस. मला वाटलं, लेकालाच पटलंय तर मी कोण."

गास्परला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण त्यानं फोटो उचलून खिशात घातला.

गावाच्या रीतीभातीचा शब्द ज्यांच्याकडे, त्या म्हाताऱ्या मोसालाकींच्या ओट्यावर आलोनं शेवटी चार माणसांसमोर सांगितलं. गास्परनं त्याला दोन आठवडे सोडलंच नव्हतं. फोटो हातोहात फिरला. तरण्या पोरांना त्यात रस नव्हता. त्यांना लुसिया कोण हेही ठाऊक नव्हतं. योसेफाला बोलावलं होतं. ती आली, फोटो डोळ्यांजवळ धरला, परत दिला.

"तळ्याला आधीच कळलं असेल, कोण येणार ते," ती म्हणाली आणि काठी टेकत उठली. दारात थांबून गास्परकडे न बघता म्हणाली, "काढा मीच मागितला होता." मग गेली.

म्हातारबाबा विडा चघळत राहिले. गास्परनं विचारलं, "बापा, मग इनेला कुठल्या तळ्यात धरायचं?"

"तू नाव घे. कुठं आहे ते तिचं ती जाणे."

त्या ऑगस्टमध्ये गास्परनं भात आणि डुकराच्या मांसाचा तुकडा ठेवून आईचं नाव घेतलं. आवाज बसका निघाला. बाजूचे दोघे जरा सरकून उभे राहिले.

घरी आल्यावर त्यानं कुपांगला फोन लावला. ब्रिगिताला सगळं सांगितलं, तारखेसकट.

"म्हणजे आजी तशी नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

"मग ती मला कधी जवळ का घेत नव्हती? तुम्हीच सांगायचात ना, तिला पोरं आवडायची नाहीत म्हणून."

गास्परनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "मी मना केलं होतं तिला."

पलीकडं टीव्हीचा आवाज येत राहिला. मग ब्रिगिता म्हणाली, "बापा, मी नंतर करते फोन."

तिचा फोन तीन आठवड्यांनी आला. धाकट्याच्या शाळेबद्दल बोलली, यंदा नाताळला यायला जमणार नाही म्हणाली. आजीचा विषय तिनं काढला नाही, आणि गास्परलाही काढवला नाही.