लिंबाखालची माती

बसवप्रभूने पाळलेला कोळी तळहाताएवढा होता. बिळात राहणारी जात ती, उंचावरून पडली तर पोट फुटतं. म्हणून त्याने काचेची बुटकी पेटी केली, शेतातली मऊ माती वीतभर भरली आणि झाकणाला कडी लावली. कोळ्याने बीळ उकरलं, पण बाहेर यायचा तो फक्त आईच्या आवाजाला.

एकदा आईने, मल्लव्वाने, विचारलं, "माती कुठली रे?"

"लिंबाखालची."

ती पेटीजवळ जाऊन बसली. "माझं कुंकू पुसलं तेव्हा तू पाळण्यात होतास. तुझ्या अप्पांना तिथंच, आपल्या लिंगायतांच्या रीतीनं, बसवून पुरलंय. वर समाधीचा ओटा बांधायचा राहूनच गेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवप्रभू माती परत न्यायला उठला, तर कडी काढलेली, पेटी रिकामी. मल्लव्वा एक ताट जास्तीचं वाढून बसली होती.

"त्यांना कामून कोंडायलास?" ती म्हणाली. "बघून बस."