दोघींचा मराठी विभाग

खानापूर रस्त्यावरच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा मराठी विभागात आम्ही दोघीच होतो. विभाग म्हणजे स्टाफ रूममधल्या खिडकीकडचं एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट. माझ्यासमोर बसायच्या त्या बाई उचगावच्या, शेतकरी घरातल्या. वीसेक वर्षं त्या शाळेत मराठी शिकवत होत्या. मी बेळगावात वाढलेली. आमच्या घरात आजोबांपासून सगळे मास्तर किंवा वकील, त्यामुळे शुद्ध बोलण्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

पहिली तीन वर्षं आमचं छान जमलं. दुपारी बाई डबा उघडायच्या आणि तांदळाची अर्धी भाकरी न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात ठेवायच्या. "खा गं, त्या दोन चपातीनं काय हुतंय?" म्हणायच्या. प्रश्नपत्रिका आम्ही मिळून काढायचो. एकीनं तपासलेले पेपर दुसरीनं पडताळायचे, असा विभागाचा नियम होता.

त्या नियमावरूनच भांडण झालं. सहामाहीत नववीच्या एका मुलीनं सुट्टीतल्या दिवसावर निबंध लिहिला होता. ‘मी आईसंगं शेताला गेलतो’ अशी सुरुवात. मी लाल पेनानं ओळीओळीखाली रेघा मारल्या आणि दहापैकी तीन मार्क दिले. बाईंनी पेपर पडताळायला घेतला, निबंध शेवटपर्यंत वाचला आणि मान वर केली.

"सगळं वाचलीस काय गं?"

"वाचलं की. मुलगी आहे ती, बाई. ‘गेलतो’ काय? लिंग चुकलंय, क्रियापद चुकलंय. दहावीला असं लिहिलं तर कोण मार्क देणार?"

"मी बी तसंच बोलतो. आमच्याकडच्या सगळ्या बायका तशाच बोलत्यात. मग आम्ही सगळ्या चुकलो काय?"

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. स्टाफ रूममध्ये आणखी पाचसहा जण होते. मी म्हणाले, "तुम्ही वर्गात तसं बोलता, म्हणून तर मुलं तसं लिहितात."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. पेपर माझ्याकडे सरकवला आणि तासाची घंटा व्हायच्या आधीच उठून वर्गावर गेल्या.

त्यानंतर बाई बोलायच्या थांबल्या. काम अडलं नाही. ‘सहावा धडा झाला’, ‘प्रश्नपत्रिका गुरुवारी द्यावी’ अशा चिठ्ठ्या टेबलावरून इकडून तिकडे जायच्या. महिनाअखेरच्या विभाग-सभेचं रजिस्टर मी लिहायची, ‘विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर चर्चा झाली’ म्हणून, आणि बाई मुकाट्यानं सही करायच्या. दुपारच्या सुट्टीत त्या डबा तसाच ठेवून फोन घेऊन फाटकाजवळ जायच्या. मला टाळायलाच जातात, असं मी धरून चालले. शनिवारी शाळा सुटली की मागे न बघता बस गाठायच्या. मधूनच त्यांची रजा असायची. मग त्यांचे तास माझ्याकडे यायचे, न तपासलेल्या वह्यांचा गठ्ठाही यायचा. मी सगळ्या वह्या तपासून त्यांच्या जागेवर नीट रचून ठेवायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. लहान मी होते, पहिलं पाऊल मी टाकायला हवं होतं. पण बोलतील त्या, मग बोलू, असं म्हणत दीड वर्ष गेलं आणि बाई निवृत्त झाल्या.

निरोपसमारंभात मी पाठ केलेलं दोन मिनिटांचं भाषण केलं. शाल, नारळ, फोटो झाले. बाईंनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, "येतो," म्हणाल्या. मी नुसती मान हलवली. वर्षभरानं शाळेच्या ग्रुपवर त्यांचे यजमान गेल्याचा मेसेज आला. सगळ्यांच्या खाली मीही हात जोडल्याचं चित्र टाकलं. गेले नाही.

बाईंची जागा भरलीच गेली नाही. तासांपुरता कोणी मिळतोय का बघू, असं दरवर्षी जूनमध्ये ऐकू यायचं. आठवी ते दहावीचं सगळं मराठी माझ्याकडे आलं. कन्नड विभागात चौघं, त्यांच्या टेबलावर दिवसभर गलबला. वागायला सगळे चांगले, पण ते हसत ते कशावर हे मला अर्धंच कळायचं. मला कन्नड येतं ते ऑफिसपुरतं. एकदा हेडसर म्हणाले, "विभागाचं रजिस्टर अपुरं दिसतंय, बाई. तपासणीला साहेब आलं तर दाखवाय लागतंय."

"सर, विभागात मी एकटीच आहे. सभा कुणाशी घेऊ?"

"लिहून ठेवा की काहीतरी."

मग मी लिहू लागले. अध्यक्ष मी, उपस्थित मी, सूचना मांडणारी मी. एकदा सवयीनं ‘सर्वानुमते ठरले’ असं लिहून गेले आणि पेन खाली ठेवलं. स्टाफ रूममध्ये त्या वेळी कोणी नव्हतं.

यंदा दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासताना एका पत्रलेखनापाशी अडले. मुलानं गावातल्या बसथांब्याबद्दल अर्ज लिहिला होता. मायना चुकलेला, पण अर्ज असा की वाचून कोणीही बस सोडावी. किती मार्क द्यावेत ते ठरेना. पडताळणीच्या रकान्यात सही करायला कोणी नव्हतं. रविवारी मी उठले आणि उचगावची बस धरली.

बाई दारातच शेंगा निवडत बसल्या होत्या. "आलीस व्हय! ये गं, आत ये." जणू काल भेटलो होतो. आत भिंतीवर यजमानांचा फोटो होता. चहा होईपर्यंत मी शब्द जुळवत राहिले.

"बाई, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला बोलले, ते चुकलं माझं."

"कुठल्या दिवशी?"

मी निबंधाचं सांगितलं, नववीतल्या मुलीचं, ‘गेलतो’चं. बाईंनी आठवून बघितलं आणि हसल्या. "तसलं काय ध्यानात न्हाय बघ. भांडलो असू. पेपराच्या दिवसात कोण भांडत न्हाय?"

मग फोटोकडे बघत त्या म्हणाल्या, "त्या वक्ताला ह्यांचं डायलिसिस चालू झालतं. दिवसाआड बेळगावला न्यायचं. दीर न्यायचे, शनिवारी मी जायचो. दुपारी फोन करून इचारायचं, घरी पोचले काय म्हणून. मला कुणाशी बोलूच वाटायचं न्हाय."



"शाळेत सगळ्यांस्नी कळलंतं," बाई म्हणाल्या. "रोज फाटकाजवळ गाठून सगळी इचारायची, आज कसं हाय, डॉक्टर काय म्हणाले. तेच तेच सांगून जीव नकोसा व्हायचा. तू तेवढी इचारायची न्हाईस. गप बसायचीस समोर, माझ्या वह्या तपासून ठेवायचीस. लई बरं वाटायचं बघ."

सगळ्या स्टाफ रूमला ठाऊक असलेली ती गोष्ट मला ठाऊक नव्हती, हे त्यांना सांगायचं ओठांवर आलं होतं. त्या इतक्या मायेनं बघत होत्या की मी ते गिळून टाकलं. चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले.

बॅगेतला तो अर्ज मी काढलाच नाही.

बाई बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. पुढच्या महिन्यात पोराकडे पुण्याला जायचं म्हणत होत्या, घर दीर बघतील. बसला उशीर होता. दोघी एका बाजूला उभ्या राहिलो.

"आता दुपारी जेवायला कोण असतंय गं तुझ्यासंगं?" बाईंनी विचारलं.

"असतात की सगळे," मी म्हणाले.

बस आली. मागची जागा मिळाली.

सोमवारी शाळेत गेल्यावर मी त्या मुलाला अर्जाचे पूर्ण मार्क दिले, आणि पडताळणीचा रकाना कोराच ठेवून गठ्ठा ऑफिसात नेऊन दिला. कारकुनानं वर न बघता तो घेतला.