पार्सलातली ओटी

ती घटना आठवली की आजही मला आधी चिन्नोर तांदळाचा वास आठवतो, गुन्हा मागाहून. मी तेव्हा बालाघाट कोतवालीत ठाणेदार होतो. मोबाईल हाताहातांत दिसू लागले होते, पण इंटरनेट पाहायचं तर सायबर कॅफेतच जावं लागे.

त्या कॅफेत बसून गावातल्या एक विधवा बाई साड्या विकायच्या. वारासिवनीच्या विणकरांकडून रेशमी साड्या आणायच्या, एका ऑनलाइन बाजाराच्या साइटवर फोटो टाकायच्या आणि मागणी आली की कुरिअरनं पाठवायच्या. मला आधी हे खरंच वाटेना. हात लावून न पाहता साडी घेणारी बाई पृथ्वीतलावर असू शकते, हे माझ्या पत्नीनं कधीच कबूल केलं नसतं.

एक दिवस बाई अर्ज घेऊन ठाण्यात आल्या. बैहरच्या एका गिऱ्हाइकानं 'साडी मिळालीच नाही' असं साइटला कळवलं होतं. साइटनं त्याला पैसे परत दिले, ते बाईंच्या पैशांतून कापून घेतले आणि वर तंबी दिली, आठवड्याभरात पोलिसांत गुन्हा नोंदवल्याचा कागद पाठवा, नाहीतर तुमचं दुकान बंद. बाईंची चूल त्या दुकानावरच पेटत होती.

संशय घ्यायला माणूस एकच, कुरिअरवाला. पन्नाशीतला, रोज बसनं बैहरला पार्सलं पोचवणारा. त्याच्याकडच्या पोचपावतीवर सही होती, पण गिऱ्हाईक म्हणे ती माझी नव्हेच. त्यात एका खबऱ्यानं सांगितलं की याच्या खिशात नवा मोबाईल आला आहे. झालं! मला तेवढं पुरलं. सकाळी सातला त्याला आणून बाकावर बसवला.

"साहेब, मी पार्सल देल्लं. त्या साहेबानंच सही केली. घरात आजी होती, तिनं मले पाणी देल्लं. मंग पार्सल नाकाले लावलं अन् म्हणाली, काहून रे, यात चिन्नोर आहे का?"

मी मोठ्यानं हसलो. "साडीच्या पार्सलात तांदूळ? अरे, थाप मारायची तर जरा बरी मार!"

"तिसऱ्यांदा सांगून राह्यलो साहेब. खरं आहे."

त्यानं खरंच तिसऱ्यांदा सांगितलं होतं, पण मी ऐकत कुठं होतो? दहा वाजेपर्यंत उलटसुलट विचारलं. शब्द बदलेना, तेव्हा माणूस पक्का आहे असं मी ठरवून टाकलं. मुन्शीनं फिर्याद लिहिली आणि बाईंना सहीसाठी बोलावलं. बाईंनी सही केली की कुरिअरवाला आत जाणार, हे ठरलेलं होतं. गंमत म्हणून मी त्यांना तांदळाची गोष्ट सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तांदूळ होता साहेब."

"काय?"

"मी हर साडीत ओटी ठेवते. लाल चिंधीत मूठभर चिन्नोर, हळकुंड, सुपारी. रिकामी साडी कोणाले देऊ नये. आता मले ओटी भराले कोणी बोलवत नाही. पार्सलात कोण पाहते?"

पण पोलिसाचं डोकं, ते वाकडंच चालणार. म्हणालो, "मग तर यानंच पार्सल फोडलं. नाहीतर याला कळलं कसं?"

"हौ, तसंही असन. पण त्या आजीले विचारल्याबिगर मी सही करत नाही. दुकान गेलं तर गेलं!"

बाईंचा मला रागच आला. तरी बैहर ठाण्याला कळवलं, रोजनामच्यात नोंद टाकली, कुरिअरवाला जागचा हलता कामा नये असं मुन्शीला बजावलं आणि साध्या कपड्यांत जीपनं निघालो.

गिऱ्हाईक सरकारी नोकर, ऑफिसला गेलेला. ओसरीत त्याची म्हातारी आई भाजी निवडत होती. मी म्हटलं, "आजी, बालाघाटहून साडी आली होती, त्याचं विचारायला आलो."

"आली ना बापा! पोरानं सुनेसाठी मागवली. सून बाळंतपणाले माहेरी गेली, म्हणून पेटीत ठेवली. अन् ओटी देवाजवळ."

आत जाऊन तिनं लाल पुरचुंडी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. चिन्नोरचा वास आला आणि मी हुश्श केलं. एक निरपराध माणूस माझ्या हातून आत जाता जाता वाचला होता.

मुलाला बोलावलं. पुरचुंडी पाहून त्याचं तोंड उतरलं. सही मुद्दाम वाकडी केल्याचं त्यानं कबूल केलं. "सगळेच करतात साहेब. एवढ्या मोठ्या कंपनीले काय फरक पडते?"

"कंपनीचा छदामही गेला नाही," मी म्हणालो. "गेला तो ही ओटी बांधणाऱ्या बाईचा."

आजीनं लेकाकडे पाहिलं. "जिनं ओटी धाडली, तिलेच लुबाडलं का रे तू?" फसवणुकीचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला, साडी जप्त केली. पुरचुंडीची पंचनाम्यात फक्त नोंद केली आणि ती देवाजवळच राहू दिली. नियमात बसत नव्हतं, पण माझ्याच्यानं उचलवेना. पुढे आमच्या पत्रावर साइटनं बाईंचे पैसे परत दिले आणि दुकान चालू ठेवलं.

ऊन कलताना कोतवालीत परतलो. कुरिअरवाला त्याच बाकावर, त्याच जागी बसला होता. नवा मोबाईल त्याला कुरिअरच्या मालकानंच दिला होता; तेही त्यानं सकाळीच सांगितलं होतं म्हणे.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तू खरं बोलत होतास."

त्यानं हात जोडले. "साहेब, मंग आता पाणी पिऊ का?"

बैहरच्या आजीनं त्याला दारातच पाणी विचारलं होतं. माझ्या ठाण्यात तो सकाळपासून तहानलेला होता, आणि माझ्याच हुकमानं जागचा हललाही नव्हता. मी उठून माठातून तांब्या भरून आणला. शिपाई बघत राहिले. बघोत! त्यानं एका दमात तांब्या रिकामा केला, मी दुसरा भरला.

त्यानंतर बदली होऊन ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथं पहिल्याच दिवशी एक हुकूम दिला. माणूस कोणीही असो, आधी त्याला पाणी द्यायचं, मग प्रश्न विचारायचे.